प्राणिसंग्रहालये व वन्यजीवांच्या क्षेत्रीय संवर्धनाचा निधी

प्राणिसंग्रहालयांचा क्षेत्रीय संवर्धन निधी म्हणजे प्राणिसंग्रहालयांनी आपल्या प्रवेशशुल्कातून, देणग्यांतून, सभासद वर्गणीतून किंवा प्राणी दत्तक योजनांतून मिळालेल्या उत्पन्नाचा काही भाग वन्य प्राण्यांच्या मूळ अधिवासात चालणाऱ्या प्रकल्पांना देणे होय. अशा प्रकल्पांत अधिवासाचे रक्षण, प्राण्यांची गणना व संशोधन, पिंजऱ्यात वाढवलेल्या प्राण्यांची निसर्गात पुनःस्थापना, शिकार-प्रतिबंध आणि मानव-वन्यजीव संघर्ष कमी करण्याचे उपाय यांचा समावेश होतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कल्पना युरोप व उत्तर अमेरिकेत रुजली. भारतात परदेशी प्राणिसंग्रहालयांच्या निधीतून काही महत्त्वाचे प्रकल्प उभे राहिले. भारतीय प्राणिसंग्रहालयांनी मात्र स्वतःच्या उत्पन्नातून रानातील कामाला पैसे दिल्याची उदाहरणे थोडी आहेत. महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक बाजू आहे. नाशिकजवळील एकलहरे ते निफाड हा गोदावरी-दारणेचा ऊसपट्टा आणि पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसर येथून पकडलेले बिबटे बचाव केंद्रांत व प्राणिसंग्रहालयांत पाठवले जातात. त्यामुळे येथे पिंजऱ्याकडून रानाकडे जाणाऱ्या पैशापेक्षा रानाकडून पिंजऱ्याकडे येणाऱ्या प्राण्यांचा ओघ अधिक ठळक दिसतो.

संज्ञा

संवर्धनाचे दोन प्रकार मानले जातात. प्राणी ज्या ठिकाणी निसर्गतः राहतो तेथेच त्याचे रक्षण करणे हे मूलस्थानी संवर्धन, तर प्राणिसंग्रहालय, प्रजनन केंद्र किंवा जनुकपेढीत त्याचा वंश टिकवणे हे स्थानबाह्य संवर्धन होय. प्राणिसंग्रहालयाचे मूळ काम दुसऱ्या प्रकारात मोडते. क्षेत्रीय निधी हा या दोहोंना जोडणारा दुवा समजला जातो: पिंजऱ्यातला प्राणी प्रेक्षक आणतो, प्रेक्षक पैसे आणतात आणि तो पैसा त्याच जातीच्या रानातील भाईबंदांसाठी खर्च होतो. हा युक्तिवाद ऐकायला सरळ असला तरी तो खरा ठरण्यासाठी पैसा प्रत्यक्षात बाहेर पडावा लागतो, आणि तो किती पडतो यावरच या विषयातील बहुतेक मतभेद आहेत.

जागतिक पार्श्वभूमी

न्यूयॉर्क प्राणिशास्त्रीय सोसायटीची स्थापना १८९५ साली झाली व तिचे ब्राँक्स प्राणिसंग्रहालय १८९९ साली खुले झाले. या संस्थेने आरंभापासूनच प्राणिसंग्रहालयाबाहेरील कामात लक्ष घातले; १९९३मध्ये तिने वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन सोसायटी हे नाव घेतले. आज ती प्राणिसंग्रहालये चालवणारी संस्था आणि अनेक देशांत क्षेत्रीय काम करणारी संस्था अशी दोन्ही आहे. ब्रिटनच्या जर्सी बेटावर लेखक व निसर्गवादी जेराल्ड डरेल यांनी १९५९मध्ये प्राणिसंग्रहालय सुरू केले आणि १९६३मध्ये त्याचे एका न्यासात रूपांतर केले. दुर्मीळ जातींचे प्रजनन करून त्यांना परत निसर्गात सोडणे हाच प्राणिसंग्रहालयाच्या अस्तित्वाचा हेतू असावा, ही डरेल यांची भूमिका त्या काळी अनेक संचालकांना पटणारी नव्हती.

ब्राझीलमधील सोनेरी सिंह-टॅमरिन या छोट्या माकडाची निसर्गातील संख्या १९७०च्या दशकात सुमारे २००वर आली होती. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयाच्या पुढाकाराने १९८४पासून पिंजऱ्यात जन्मलेली माकडे किनारपट्टीच्या जंगलात सोडण्यात आली. त्याबरोबरच उरलेल्या जंगलाचे तुकडे जोडण्याचे, जमीनमालकांशी करार करण्याचे आणि स्थानिक कार्यकर्ते घडवण्याचे काम झाले. क्षेत्रीय निधीच्या यशाचे उदाहरण म्हणून याचा वारंवार उल्लेख होतो. कॅलिफोर्निया कॉन्डॉर या गिधाडाचे शेवटचे पक्षी १९८७पर्यंत पकडून सॅन दिएगो व लॉस एंजेलिस येथील केंद्रांत ठेवण्यात आले. तेव्हा जगात एकूण २७ कॉन्डॉर होते. पुढे त्यांची पिल्ले पुन्हा आकाशात सोडली गेली.

प्राणिसंग्रहालये व मत्स्यालयांची जागतिक संघटना ही १९३५मध्ये स्थापन झालेल्या संचालकांच्या आंतरराष्ट्रीय संघाची उत्तराधिकारी आहे. या क्षेत्रातील संवर्धनाची पहिली जागतिक व्यूहरचना १९९३मध्ये, दुसरी २००५मध्ये व तिसरी २०१५मध्ये प्रसिद्ध झाली. सभासदांनी आपल्या वार्षिक चालू खर्चाच्या किमान ३ टक्के रक्कम क्षेत्रीय संवर्धनाला द्यावी, अशी शिफारस तिसऱ्या व्यूहरचनेत आहे. ती बंधनकारक नाही. संघटनेने केलेल्या पाहणीनुसार २००८ साली जगभरच्या संघटित प्राणिसंग्रहालयांना व मत्स्यालयांना ७० कोटींहून अधिक भेटी दिल्या गेल्या आणि त्यांनी वन्यजीव संवर्धनावर सुमारे ३५ कोटी अमेरिकी डॉलर खर्च केले. दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यास एका भेटीमागे सरासरी अर्धा डॉलर पडतो.

निधी उभारण्याच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. काही ठिकाणी तिकिटावर वेगळा संवर्धन अधिभार असतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या शायेन माउंटन प्राणिसंग्रहालयाने तिकिटातील काही सेंट बाजूला काढून प्रेक्षकाच्या हाती एक बिल्ला देण्याची पद्धत रूढ केली. प्रेक्षक आपल्या पसंतीच्या प्रकल्पाच्या पेटीत तो बिल्ला टाकतो आणि त्या प्रमाणात रकमेचे वाटप होते. सेंट लुईस येथील प्राणिसंग्रहालयात प्रवेश विनामूल्य आहे. १९७१मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या मालमत्ता करातून त्याला पैसे मिळतात. परदेशातील क्षेत्रीय कामासाठी त्याने २००४मध्ये स्वतंत्र संस्था स्थापन केली.

आक्षेप

वरील ३५ कोटी डॉलरचा आकडा प्राणिसंग्रहालयांनी स्वतः कळवलेल्या माहितीवर आधारलेला आहे. कोणता खर्च ‘संवर्धन’ मानायचा याची व्याख्या संस्थागणिक बदलते. काही जण प्रेक्षकांसाठीचे माहितीफलक, कर्मचाऱ्यांचे परिषदांचे प्रवास किंवा पिंजऱ्यातील प्रजननाचा खर्चही त्यात धरतात. एकूण रकमेतील मोठा वाटा मोजक्या श्रीमंत संस्थांचा असतो. लहान प्राणिसंग्रहालयांचे योगदान नाममात्र राहते. निधी मिळवणाऱ्या जातींतही समतोल नाही. वाघ, हत्ती, गेंडा, पांडा यांच्यासाठी पैसे सहज जमतात. बेडूक, गोड्या पाण्यातील मासे आणि कीटक यांच्यासाठी जमत नाहीत.

प्राण्यांना पिंजऱ्यात ठेवण्याला तत्त्वतः विरोध असणाऱ्यांचे म्हणणे असे की, एखाद्या हत्तीच्या दालनावर होणाऱ्या खर्चात रानातील कित्येक चौरस किलोमीटरचे रक्षण होऊ शकते. प्राणिसंग्रहालयांचे उत्तर असे असते की, दालन बंद केले तर तो पैसा रानात जाणार नाही, तो मुळात जमाच होणार नाही. हे उत्तर देणगी व तिकिटांवर चालणाऱ्या पाश्चात्त्य संस्थांना बऱ्याच अंशी लागू पडते. करदात्यांच्या पैशांवर चालणाऱ्या भारतीय प्राणिसंग्रहालयांना ते तितकेसे लागू होत नाही, कारण तेथे दालनाचा पैसा आणि वनखात्याचा पैसा हे दोन्ही शासकीय तिजोरीतूनच येतात.

भारतातील प्रकल्प

परदेशी प्राणिसंग्रहालयांच्या निधीतून भारतात झालेल्या कामांत आसाममधील बटू रानडुकराचा प्रकल्प सर्वांत जुन्या व सलग चाललेल्या प्रकल्पांपैकी एक आहे. जेमतेम पंचवीस सेंटिमीटर उंचीचे हे जगातील सर्वांत लहान रानडुक्कर उंच ओल्या गवताळ प्रदेशात राहते. डरेल न्यास, आसाम वनविभाग, केंद्रीय पर्यावरण मंत्रालय आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाचा तज्ज्ञगट यांच्यात १९९५मध्ये करार झाला. १९९६मध्ये मानसच्या जंगलातून सहा डुकरे पकडून गुवाहाटीजवळील बसिष्ठ येथे प्रजनन सुरू झाले. २००८मध्ये सोनाई-रुपाई अभयारण्यात पहिली १६ डुकरे सोडण्यात आली. त्यानंतर शंभराहून अधिक डुकरे आसाममधील निरनिराळ्या अभयारण्यांत सोडली गेली असून त्यांत खुद्द मानसचाही समावेश आहे. अशा प्रकल्पाला तीन दशके पैसा पुरवत राहावे लागते. तीन वर्षांच्या मुदतीची अनुदाने देणाऱ्या संस्थांना ते साधत नाही. प्राणिसंग्रहालयांच्या निधीचे खरे बळ येथे दिसते.

इंग्लंडमधील चेस्टर प्राणिसंग्रहालयाने २००४मध्ये आसाममध्येच एका स्थानिक संस्थेच्या साहाय्याने ‘आसाम हाथी प्रकल्प’ सुरू केला. भातशेतीत शिरणाऱ्या हत्तींना रोखण्यासाठी मिरचीचा धूर, शोधदिवे, कुंपणे व गावकऱ्यांची पहारा पथके असे उपाय तेथे आजमावले गेले. हत्तीच्या रक्षणासाठी आलेला पैसा येथे शेतकऱ्याचे पीक वाचवण्यावर खर्च झाला, हे या प्रकल्पाचे वैशिष्ट्य. हिमबिबट्यासाठी काम करणारी स्नो लेपर्ड ट्रस्ट ही संस्था १९८१मध्ये सिॲटलच्या वुडलँड पार्क प्राणिसंग्रहालयातील कर्मचारी हेलन फ्रीमन यांनी स्थापन केली. तिची भारतातील भागीदार संस्था, मैसूरची नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन, हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात गावकऱ्यांबरोबर चराईमुक्त राखीव क्षेत्रे व पशुधन विमा या योजना राबवते. कर्नाटकातील नागरहोळे येथील वाघांचा दीर्घकालीन अभ्यास १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन सोसायटीच्या पाठबळावर झाला.

भारतीय प्राणिसंग्रहालयांनीही मूलस्थानी कामाला हातभार लावल्याची उदाहरणे आहेत, पण ती बहुधा पैशांच्या रूपात नसून प्राण्यांच्या रूपात आहेत. ओडिशातील नंदनकानन येथे १९८०मध्ये सुसरीचे पिंजऱ्यातील प्रजनन प्रथमच यशस्वी झाले. दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू हिमालयीन प्राणिउद्यानाने २००३मध्ये स्वीटी व मिनी या दोन लाल पांडा माद्या सिंगालिला राष्ट्रीय उद्यानात सोडल्या.

कायदेशीर चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यामध्ये १९९१च्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालयांविषयीचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले व त्यानुसार १९९२मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय देशात प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. देशाच्या वन्यजीव संवर्धनाच्या प्रयत्नांना पूरक ठरणे व त्यांना बळ देणे हे प्राणिसंग्रहालयांचे मुख्य उद्दिष्ट असल्याचे १९९८च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणात म्हटले आहे. प्राधिकरणाने नियोजित प्रजननासाठी ७३ संकटग्रस्त जाती निवडल्या व प्रत्येक जातीसाठी समन्वयक प्राणिसंग्रहालये नेमली. २०२२च्या दुरुस्तीनंतर बचाव केंद्रे व संवर्धन प्रजनन केंद्रे यांचा ‘प्राणिसंग्रहालय’ या व्याख्येतच स्पष्ट समावेश झाला आहे. उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा रानातील प्रकल्पांवर खर्च करण्याचे बंधन मात्र मान्यतेच्या अटींत नाही.

याच अधिनियमात व्याघ्र प्रकल्पांसाठी वेगळी व्यवस्था आहे. २००६च्या दुरुस्तीने प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद केली. पर्यटकांच्या प्रवेशशुल्काची रक्कम प्रतिष्ठानाकडे राहते व ती त्याच क्षेत्राच्या रक्षणासाठी व भोवतालच्या गावांसाठी वापरता येते. ताडोबा-अंधारीच्या प्रतिष्ठानाने या पैशांतून बफर क्षेत्रातील गावांत अनेक कामे केली आहेत. प्राणिसंग्रहालयाच्या तिकीटखिडकीवर जमणाऱ्या पैशाला अशी वाट नाही.

परदेशातून येणाऱ्या निधीवर परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० लागू होतो. २०२०च्या दुरुस्तीने एका संस्थेने मिळालेले परकीय अंशदान दुसऱ्या संस्थेला देण्यास मनाई केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. यापूर्वी मोठी संस्था परदेशी प्राणिसंग्रहालयाचे अनुदान घेऊन ते तालुका पातळीवरील छोट्या निसर्गमित्र मंडळांपर्यंत पोहोचवू शकत असे. तो मार्ग आता बंद झाला आहे. देशांतर्गत पर्याय म्हणून कंपनी अधिनियम, २०१३च्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या तरतुदीकडे पाहिले जाते. वनस्पती व प्राण्यांचे रक्षण हा विषय तिच्या अनुसूचीत आहे.

महाराष्ट्रातील प्राणिसंग्रहालये

राज्यातील प्रमुख प्राणिसंग्रहालये बहुतांशी महानगरपालिकांची आहेत. मुंबईचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान (राणीची बाग), पुण्याजवळील कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आणि छत्रपती संभाजीनगरचे सिद्धार्थ उद्यान ही त्यांपैकी होत. नागपूरचे महाराजबाग कृषी विद्यापीठाकडे आहे, तर २६ जानेवारी २०२१ रोजी खुले झालेले नागपूरचेच गोरेवाडा उद्यान महाराष्ट्र वनविकास महामंडळाकडे आहे. महानगरपालिकेच्या प्राणिसंग्रहालयाचे तिकीट-उत्पन्न महानगरपालिका निधीत जमा होते आणि प्राण्यांचा आहार, पशुवैद्यक, सफाई, सुरक्षा यांचा खर्च अर्थसंकल्पातून मंजूर होतो. शहराच्या हद्दीबाहेर, दुसऱ्या जिल्ह्यातील जंगलासाठी किंवा दुसऱ्या देशातील किनाऱ्यासाठी रक्कम देणे ही अशा संस्थेच्या नेहमीच्या कामकाजात बसणारी बाब नव्हे.

राणीच्या बागेतील पेंग्विन हे याचे बोलके उदाहरण आहे. जुलै २०१६मध्ये दक्षिण कोरियातील सोल येथून आठ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईत आणले गेले व मार्च २०१७मध्ये त्यांचे वातानुकूलित दालन लोकांसाठी खुले झाले. त्यापाठोपाठ प्रवेशशुल्क वाढवून प्रौढांसाठी ५० रुपये व चौघांच्या कुटुंबासाठी १०० रुपये करण्यात आले. दालनाचा खर्च, देखभालीचे कंत्राट आणि एका पेंग्विनचा मृत्यू यांवर महानगरपालिकेत व वृत्तपत्रांत बराच वाद झाला. हम्बोल्ट पेंग्विन हा पेरू व चिलीच्या किनाऱ्यावरील पक्षी असून पक्ष्यांच्या विष्ठेचे खत (ग्वानो) खणून नेणे, मासेमारी आणि एल निन्योमुळे पडणारा माशांचा दुष्काळ यांमुळे तो संकटात आहे. पेरूमधील पुन्ता सान हुआन येथील त्याच्या मोठ्या वसाहतीच्या रक्षणाला सेंट लुईससह अनेक पाश्चात्त्य प्राणिसंग्रहालये पैसे देतात. मुंबईतील वाद मात्र खर्च किती झाला याभोवतीच राहिला. पेंग्विनच्या मूळ किनाऱ्याचा प्रश्न त्यात फारसा आला नाही.

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे प्राणिसंग्रहालय नसले तरी तेथे सिंह व व्याघ्र सफारी आणि बिबट्यांचे बचाव केंद्र आहे. तेथील प्राणी वर्षभरासाठी दत्तक घेण्याची योजना लोकप्रिय आहे. भारतातील बहुतेक दत्तक योजनांप्रमाणे त्यातून मिळणारी रक्कम पिंजऱ्यातील प्राण्याच्या आहारासाठी व उपचारांसाठी असते. याच उद्यानात २०२१मध्ये वनविभाग व वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन सोसायटी-इंडिया यांनी मुक्त बिबट्यांना रेडिओ पट्टे बसवून त्यांच्या हालचालींचा अभ्यास केला.

नाशिक जिल्हा : गिधाडे

नाशिक जिल्ह्यात मोठे प्राणिसंग्रहालय नाही, तरीही प्राणिसंग्रहालयांच्या निधीचा एक दूरचा लाभ या जिल्ह्याला झाला आहे. त्र्यंबकेश्वरजवळील अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. २०१७मध्ये अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. हरसूलजवळील खोरीपाडा येथे वनविभागाने ग्रामस्थांच्या सहभागाने गिधाडांसाठी मृत जनावरे ठेवण्याची जागा राखली असून ती ‘गिधाड उपाहारगृह’ या नावाने ओळखली जाते.

१९९०च्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली; लांब चोचीच्या व निमुळत्या चोचीच्या गिधाडांची घट सुमारे ९७ टक्के होती. कारण बराच काळ कळत नव्हते. हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २००१मध्ये ब्रिटिश सरकारच्या डार्विन निधीतून गिधाड केंद्र सुरू केले, त्यात लंडनचे प्राणिसंग्रहालय चालवणारी झूलॉजिकल सोसायटी ऑफ लंडन भागीदार होती. २००४मध्ये पाकिस्तानातील अभ्यासातून असे सिद्ध झाले की, गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते व त्याची मूत्रपिंडे निकामी करते. २००६मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. त्याला पर्याय असलेले मेलोक्झिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे की नाही, हे पिंजऱ्यातील गिधाडांवर चाचणी घेऊनच ठरवता आले. पिंजऱ्यातील पक्ष्यांचा उपयोग येथे केवळ वंश टिकवण्यापुरता राहिला नाही; रानातील पक्ष्यांचा जीव वाचवणारे धोरण त्यांच्या आधाराने ठरले.

केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या साहाय्याने जुनागढ, भोपाळ, हैदराबाद, रांची व भुवनेश्वर येथील प्राणिसंग्रहालयांतही गिधाड प्रजनन केंद्रे उभारली गेली. २०२४च्या आरंभी पिंजोरहून काही गिधाडे महाराष्ट्रातील पेंच व ताडोबा येथे आणून मुक्त करण्यापूर्वीच्या मोठ्या पिंजऱ्यांत ठेवण्यात आली आणि पुढे उपग्रह-टॅगसह सोडण्यात आली. दरम्यान घातक औषधांची यादी वाढत गेली. मानवी वापरासाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात असल्याने २०१५मध्ये कुपीचा आकार ३ मिलिलिटरपुरता मर्यादित करण्यात आला, तर ॲसिक्लोफिनॅक व किटोप्रोफेन यांच्या पशुवैद्यकीय वापरावर २०२३मध्ये बंदी आली. अंजनेरीच्या कड्यावरील गिधाडाचे भवितव्य आजही भोवतालच्या पाड्यांतील आजारी गुराला कोणते इंजेक्शन दिले जाते यावर अवलंबून आहे.

नाशिक जिल्हा : एकलहरे परिसर व बिबटे

एकलहरे हे नाशिक रोडजवळ गोदावरीच्या काठी वसलेले गाव औष्णिक वीजकेंद्रासाठी ओळखले जाते. वीजकेंद्राची विस्तीर्ण आवारे, नदीकाठची झाडी, भोवतालचा ऊस व द्राक्षबागा यांमुळे हा परिसर बिबट्याला लपण्यास सोयीचा आहे. येथून पूर्वेला दारणेचे खोरे, निफाडचा ऊसपट्टा आणि गोदावरी-कादवा संगमावरील नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य लागते. नांदूर मध्यमेश्वर २०२०मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. धरणे व कालव्यांमुळे बारमाही झालेल्या या शेतीत बिबट्याला पाणी, आडोसा आणि कुत्री, डुकरे, शेळ्या असे भक्ष्य वर्षभर मिळते. मादी उसातच पिल्ले घालते. उसात जन्मलेल्या बिबट्याला जंगल हे आपले मूळ घर आहे असे म्हणता येत नाही, आणि ‘मूलस्थानी’ या संज्ञेची अडचण येथेच सुरू होते.

२०२०मध्ये दारणाकाठच्या गावांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली. त्यांत लहान मुले व वृद्ध होते. गावांत रोष उसळला, वनविभागाने ठिकठिकाणी पिंजरे लावले आणि अनेक बिबटे पकडले. त्यांपैकी काहींना बोरिवलीच्या केंद्रात पाठवण्यात आले. पुणे जिल्ह्यात अशा बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र आहे. वनविभागाचे हे केंद्र २००७पासून वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था चालवण्यास साहाय्य करते. तेथील जागा अपुरी पडू लागल्यावर काही बिबटे गुजरातमधील जामनगर येथील खासगी केंद्रात हलवण्यात आले.

पकडलेला बिबटा दूरच्या जंगलात सोडणे हा पूर्वी सोपा उपाय मानला जाई. जुन्नर भागातील अभ्यासाने त्यातला धोका दाखवून दिला. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार, पकडलेले बिबटे मोठ्या प्रमाणावर जवळच्या जंगलांत सोडण्याची मोहीम सुरू होण्यापूर्वी तेथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ ते २००३ या काळात ते वर्षाला १७पर्यंत गेले. अनोळखी मुलुखात सोडलेला बिबटा घराकडे परतू पाहतो. २००९मध्ये टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबटा रेडिओ पट्टा लावून माळशेज घाटात सोडण्यात आला, तेव्हा तो सुमारे १२० किलोमीटर चालून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. त्याच्यावर २०१४मध्ये सुजय डहाके यांनी ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट काढला.

परत सोडता येत नाही आणि मारताही येत नाही, अशा बिबट्याची रवानगी पिंजऱ्यात होते. पिंजऱ्यात बिबटा वीस वर्षांपर्यंत जगू शकतो. आठवड्यातील उपवासाचा एक दिवस वगळता त्याला रोज काही किलो मांस लागते. औषधे, रखवालदार व पिंजऱ्याची डागडुजी यांचा खर्च निराळाच. आज पकडलेला प्रत्येक बिबटा म्हणजे शासनावर दोन दशकांची आर्थिक बांधिलकी असते, आणि ती निभावणाऱ्या केंद्राजवळ गावातल्या कामासाठी काही उरत नाही. त्याच्या जागी नवा बिबटा उसात येतो, कारण ऊस व भक्ष्य तेथेच असते.

गावाच्या बाजूने खर्चाचे स्वरूप वेगळे आहे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास राज्य शासन वारसांना २५ लाख रुपये देते. शेळीमेंढीची भरपाईही मिळते, पण पंचनामा व कागदपत्रे यांत वेळ जातो. हल्ला टाळणारी कामे तुलनेने स्वस्त आहेत: बंदिस्त गोठा, घराजवळचा दिवा, घरोघरी शौचालय, वस्तीपासून काही अंतर सोडून ऊस लावणे, विहिरीला कठडा, कचऱ्यावर पोसणाऱ्या भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त. शेतीला वीज रात्री मिळत असल्याने पाणी द्यायला अंधारात जावे लागते, हे शेतकऱ्यांचे जुने गाऱ्हाणे आहे. विजेची निर्मिती करणाऱ्या एकलहरेच्या शेजारच्या गावांतही ते ऐकू येते. आसामातील हत्ती प्रकल्पात चेस्टरचा पैसा ज्या प्रकारच्या कामांवर खर्च झाला, त्याच जातकुळीची ही कामे आहेत. महाराष्ट्रात ती वनविभागाच्या मर्यादित तरतुदीतून, ग्रामपंचायतींतून आणि स्वयंसेवी संस्थांच्या तुटपुंज्या निधीतून होतात. बिबटा दाखवून तिकीट घेणाऱ्या संस्थांचा त्यात वाटा नसतो.

ऊसतोडीच्या हंगामात, साधारण दिवाळीनंतर ते उन्हाळ्यापर्यंत, फडात बिबट्याची पिल्ले सापडतात. पूर्वी ती उचलून थेट केंद्रात नेली जात व तेथेच वाढत. आता पशुवैद्यकाने तपासून, सापडलेल्या जागीच खोक्यात ठेवून, कॅमेरा लावून मादीची वाट पाहिली जाते. नाशिक व जुन्नर या दोन्ही भागांत वनकर्मचारी व स्वयंसेवक यांनी अशा अनेक भेटी घडवून आणल्या आहेत. बहुतेकदा मादी रात्रीतून येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. यासाठी एक गाडी, दोन कॅमेरे, रात्रभर जागणारी चार माणसे आणि तोवर त्या फडातील तोड थांबवायला तयार असलेला शेतकरी व मुकादम लागतो. थांबलेल्या तोडीमुळे बुडालेल्या मजुरीची भरपाई करणारी योजना नाही.